बोडीचे दुकान, पॅनपेस्टल आणि घरचा गेरू

पॅनपेस्टल हे मुळात चित्रकारांसाठी बनवलेले कोरडे रंग आहेत. चपट्या, गोल, फिरकीच्या झाकणाच्या डबीत फेस पावडरसारखे दाबून बसवलेले हे पेस्टल अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातली कलरफिन ही कंपनी तयार करते. एका डबीत 9 मिलिलिटर रंग असतो आणि डब्या एकमेकींवर फिरवून बसवता येत असल्यामुळे पाच-सहा डब्यांचे एक आटोपशीर नळकांडे होते. मॉडेल रेल्वेच्या छंदात हे रंग वेदरिंगसाठी, म्हणजे नव्याकोऱ्या मॉडेलला ऊन, धूळ, धूर आणि गंज लागल्याचे रूप देण्यासाठी वापरले जातात. मी त्यांच्या पाच सुट्या डब्या मागवल्या: रॉ अंबर (मातकट तपकिरी), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), गडद रेड आयर्न ऑक्साइड, करडा आणि पेन्स ग्रे (काळपट निळसर करडा). त्या वापरून 1:87 प्रमाणातले एक जुने अमेरिकन दुकान पूर्ण केले. हे परीक्षण त्या दुकानाच्या निमित्ताने लिहितो आहे, कारण असा रंग चांगला की वाईट हे नुसती डबी उघडून कळत नाही; तो कशावर, कशानंतर आणि किती वर्षांचे वय दाखवण्यासाठी लावला, यावर सगळे अवलंबून असते.

आधी दुकानाविषयी. कॅलिफोर्नियाच्या पूर्व भागातील उघड्याबोडक्या डोंगरांत, समुद्रसपाटीपासून सुमारे 2,550 मीटर उंचीवर बोडी नावाचे गाव आहे. (विदर्भात बोडी म्हणजे लहान तळे, या बोडीच्या आसपास पाणी सोडाच, झाडही मुश्किलीने दिसते.) 1859 मध्ये तिथे सोने सापडले, 1870 च्या दशकाच्या अखेरीस गाव एकाएकी फुगले, 1880 च्या सुमारास वस्ती हजारोंच्या घरात गेली आणि पुढच्या काही वर्षांतच ओसरू लागली. 1892 आणि 1932 च्या आगींतून जे वाचले, ते 1962 पासून कॅलिफोर्नियाने राज्य ऐतिहासिक उद्यान म्हणून सांभाळले आहे, आणि तेही एका विलक्षण नियमाने: इमारती पडू द्यायच्या नाहीत, पण नव्यासारख्या करायच्याही नाहीत. छप्पर गळू लागले तर डागडुजी होते, झुकलेल्या हॉटेलाला टेकू मिळतो, पण रंगाचा नवा हात कोणी देत नाही. मुलीकडे कॅलिफोर्नियातच, सनीव्हेलला गेलो होतो, तेव्हा उन्हाळ्यात वाटेतली टायोगा खिंड उघडी असताना एक दिवस या गावात घालवला. बून यांचे 1879 चे दुकान काचेतून पाहिले. आत फळ्यांवर माल अजून तसाच मांडलेला आहे आणि काचेवर इतकी धूळ आहे की आत पाहण्यासाठी दोन्ही हातांचा आडोसा करून नाक काचेला लावावे लागते. ही धुळकट काच मला घरी आल्यावरही सुटेना.

बोडी निवडण्याचे दुसरे कारण रेल्वे. 1881 मध्ये मोनो सरोवराच्या दक्षिणेकडील जंगलातून खाणींना लाकूड पुरवण्यासाठी 3 फुटी गेजची, म्हणजे रुळांत 3 फूट अंतर असलेली, 32 मैलांची लाइन टाकण्यात आली, ती 1917 पर्यंत चालली आणि या सगळ्या काळात दुसऱ्या कोणत्याही रेल्वेला कधीही जोडली गेली नाही. जिला बाहेरचे जगच नाही अशी रेल्वे पुण्यातल्या फ्लॅटच्या एका खोलीत मावणाऱ्या लेआउटला, म्हणजे रूळ, गाड्या आणि इमारतींच्या मांडणीला, जितकी सोयीची, तितकी दुसरी कोणती असणार?

माझे दुकान बून यांच्या दुकानाची नक्कल नाही, त्या धाटणीचे आहे. या धाटणीला फॉल्स फ्रंट म्हणतात. मागे साधे एकमजली, उतरत्या छपराचे घर असते आणि पुढची भिंत तेवढी छपराच्या कितीतरी वर चौकोनी चढवून, तिला कंगणी लावून दुमजली शहरी इमारतीचा आव आणलेला असतो. शिवाय पाटी लावायला ऐसपैस जागा मिळते. या प्रमाणात एक फूट म्हणजे 3.5 मिलिमीटर, म्हणून 20 फूट रुंद दर्शनी भाग 70 मिलिमीटरचा झाला आणि 7 फुटी दार साडेचोवीस मिलिमीटरचे. इथे एक गोष्ट तयार संच वापरणाऱ्यांच्या लक्षात येत नाही: रस्त्यावरचा माणूस दुकानाकडे खालून पाहतो, पण लेआउटपाशी उभा राहिलेला पाहुणा त्याच दुकानाकडे पाचव्या मजल्यावरून पाहावे तसे वरून पाहतो. त्यामुळे त्या खोट्या भिंतीची मागची बाजू, तिला तोलणारे तिरके वासे आणि छप्पर हेच खरे दर्शनी भाग ठरतात. माझा सर्वाधिक वेळ तिथे गेला आणि पॅनपेस्टलही सर्वाधिक तिथेच खर्ची पडले.

लाकूड बासवुडचे घेतले. बाल्सा स्वस्त आणि सहज मिळणारे असले तरी त्याला रंग लागताच लव उभी राहते, आणि या प्रमाणात ती लव गवतासारखी दिसते. प्रत्येक फळीवरून पितळी तारेचा ब्रश तिच्या लांबीच्या दिशेने दोन-तीनदा ओढला की रेषा उमटतात. त्यानंतरची पायरी जगभर एकच सांगितली जाते: आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काळी इंडियन इंक मिसळून फळ्या त्यात बुडवायच्या. मी अर्ध्या लिटरला दोन चमचे या मापाने मिश्रण केले. शाई साधी, चित्रकलेच्या वर्गातल्या प्रत्येक टेबलावर असते ती कॅमलची वॉटरप्रूफ काळी. परदेशातून मागवलेल्या तयार वेदरिंग द्रावणांची मला यानंतर गरज भासली नाही. पिगमेंटची कोणतीही शाई तळाशी बसते, तेवढी बाटली दर वेळी हलवावी लागते. फळ्या चिकटवण्याच्या आधी रंगवाव्यात, हे मात्र अक्षरशः भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहे, कारण जिथे गोंद लागला तिथे लाकूड शाई पीत नाही आणि वाळल्यावर नेमका तेवढाच पांढुरका डाग राहतो.

पण या शाईने लाकूड करडे होते, आणि बोडीचे लाकूड करडे नाही! मी काढलेली छायाचित्रे संगणकावर मोठी करून पाहिली तेव्हा कुठे हे माझ्या ध्यानात आले. पावसाळी प्रदेशात उघड्यावरच्या लाकडाचा वरचा थर पाण्याने धुपत जातो आणि मागे चंदेरी करडे तंतू उरतात. बोडीसारख्या कोरड्या, उंच, कडक उन्हाच्या जागी तो जळका थर धुतला जात नाही, तिथेच साचतो, त्यामुळे भिंती काकवीसारख्या तांबूस-तपकिरी दिसतात. कोकणातल्या पडवीचे खांब आणि बोडीची भिंत शेजारी ठेवली, तर दोन्ही जुनीच, पण दोन्हींचे म्हातारपण वेगळे. म्हणून मी शाई निम्म्याने पातळ केली आणि वर बर्न्ट अंबर ॲक्रिलिक, कोऱ्या चहाइतके पाणीदार करून, दोनदा दिले. पाण्यामुळे पातळ फळ्या वाकतात. त्या दोन काचांच्या मध्ये वजनाखाली रात्रभर ठेवल्या.

पॅनपेस्टलची पाळी यानंतर येते. रंग डबीतून थेट बोटाने घेता येतो, पण त्यासाठी सॉफ्ट नावाचे बारीक छिद्रांचे स्पंज मिळतात, ते घ्यावेत. रंग उचलण्याची रीत सुरुवातीला चुकते. आपण ब्रशच्या सवयीने डबीत स्पंज घासतो आणि रंगाचा चुरा उडवतो. खरे तर स्पंज पृष्ठभागावरून हलकेच एकदा फिरवला की पुरते. तेवढ्यात चार-पाच सेंटिमीटर भिंत होते. बांधणीचे द्रव्य अगदी कमी आणि पिगमेंट भरपूर असल्यामुळे रंग दाट बसतो, आणि खडूच्या पेस्टलची पूड करताना टेबलभर जो धुरळा होतो तो इथे जवळजवळ नाही. रॉ अंबर जमिनीलगतच्या दोन-तीन फळ्यांवर घासला की रस्त्याची धूळ उडून बसल्यासारखी दिसते. बर्न्ट सिएना दक्षिणेकडच्या, उन्हाच्या बाजूवर फिरवला तेव्हा तपकिरी लाकडात छायाचित्रातली ती ऊब पहिल्यांदा दिसली. करडा रंग मी फक्त फळ्यांच्या टोकांना आणि खिडकीखालच्या पट्टीवर दिला, जिथे हिवाळ्यातला बर्फ साचून पाणी मुरत असणार.

गंजासाठी रेड आयर्न ऑक्साइडची डबी घेतली होती, पण इथे घरचा गेरू तिच्या शेजारी ठेवून पाहण्याचा मोह झाला. तुळशीवृंदावनाला लावतो तो गेरू म्हणजे लोखंडाचे ऑक्साइडच. गंजाचेही कुळ तेच. त्यामुळे रंगाच्या छटेत गेरू तसूभरही मागे पडत नाही, किंबहुना थोडा अधिक मातकट असल्याने मला तो खिळ्यांखालच्या ओघळांसाठी जास्त पटला. अडचण दाण्याची आहे. पुडीतला गेरू मलमलच्या दुहेरी कापडातून गाळला तरी एखादा खडा राहतोच, आणि 1:87 मध्ये दशांश मिलिमीटरचा खडा म्हणजे भिंतीला चिकटलेले हरभऱ्याएवढे ढेकूळ. दुसरी अडचण चिकटण्याची: गेरू हात लागला की सुटतो, पॅनपेस्टल बऱ्यापैकी धरून राहतो. बोडीतल्या काही भिंतींना चपटे केलेले पत्र्याचे डबे ठिगळांसारखे ठोकलेले आहेत. तशी ठिगळे मी औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटावरील वर्खाची, साधारण 3.5 बाय 1.2 मिलिमीटरची, कापून लावली. चकचकीत वर्खावर गेरू टिकलाच नाही. पॅनपेस्टलही नुसता घसरला. त्यावर आधी मॅट प्रायमरचा फवारा दिल्यावरच तो बसला. हा त्याचा दोष म्हणता येणार नाही, कोणत्याही कोरड्या रंगाला थोडा खरखरीतपणा लागतोच, पण जाहिरातीत सगळ्या पृष्ठभागांची जी सरसकट ग्वाही दिसते ती वाचताना हे लक्षात ठेवावे. किमतीचे सांगायचे तर गेरूच्या पुडीपुढे ही डबी लाज वाटावी इतकी महाग आहे, पण एका अख्ख्या दुकानानंतर माझ्या डब्यांत पडलेला खड्डा नखाच्या जाडीचाही नाही.

खिडक्या आणि दार टिकी ट्रेन ग्रुप या कंपनीचे, प्लास्टिकचे ओतीव घेतले. खिडकीच्या चौकटीची काडी अर्ध्या मिलिमीटरची असते. ती हाताने कापण्याचा हट्ट मी दोन रविवार केला आणि सोडला. काचेसाठी सूक्ष्मदर्शकाच्या कव्हरस्लिप वापरल्या. प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानात त्यांची डबी मिळते, जाडी मिलिमीटरच्या सहाव्या-सातव्या भागाइतकी, आणि खऱ्या काचेची जी झळाळी येते ती प्लास्टिकला येत नाही. हिऱ्याच्या टोकाने ओरखडा काढून तोडताना चारातली एक फुटते, असे धरून चालावे. या काचेवर आतल्या बाजूने रॉ अंबरचा अगदी पुसट हात फिरवला आणि मधोमध कापसाच्या बोळ्याने लहानसा गोल साफ केला. बोडीत नाक लावून पाहिलेली काच ती हीच. माझ्या मते या एका कामासाठीसुद्धा रॉ अंबरची डबी घ्यावी.

छप्पर डांबरी कागदाचे केले. दवाखान्यातली मायक्रोपोर पट्टी काळ्या-करड्या रंगात रंगवली की तिचा पोत डांबरी कागदासारखा दिसतो. असा कागद 3 फूट रुंदीच्या गुंडाळीत यायचा, म्हणजे पट्टी 10.5 मिलिमीटरची कापायची, आणि माझ्या लाइनचे गेजही 3 फूट, म्हणजे रुळांतले अंतरही 10.5 मिलिमीटर, एकच माप लावून दोन्ही तपासता आले. पाटी कागदावर छापून, तिची मागची बाजू बारीक पॉलिश पेपरने कागद पारदर्शक होईतो घासून, पातळ फेविकॉलने चिकटवली, म्हणजे खालच्या फळ्यांच्या रेषा अक्षरांतून वर येतात.

आता माझी स्वतःची फजिती. पेस्टल हाताळताना पुसले जाऊ नये म्हणून मी मागच्या बाजूच्या छपरावर मॅट लॅकरचा फवारा मारला, आणि तोही ऑगस्टमध्ये, बाहेर भुरभुर चालू असताना. लॅकरमधील द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड करतो, दमट हवेतले पाणी त्यावर धरते आणि थर पांढरट होऊन बसतो. दहा मिनिटांत माझ्या छपरावर पहाटेचे धुके उतरले. दसऱ्यानंतर कोरड्या हवेत पुन्हा एक ओला थर दिल्यावर ते बहुतांशी गेले. पण त्याहून महत्त्वाचे असे की लॅकरखाली पेस्टलच्या फिक्या छटा निम्म्याने विझतात, रॉ अंबरची धूळ तर जवळपास दिसेनाशी होते. पॅनपेस्टलच काय, कोणत्याही कोरड्या पुडीचे हेच होते. त्यामुळे माझे मत असे झाले आहे की इमारतीवर, जी एकदा बसवली की कोणी उचलणार नाही, लॅकर मारूच नये; डबे आणि इंजिने रुळांवर ठेवताना-उचलताना बोटे लागतात, तिथे मात्र त्यावाचून गत्यंतर नाही, आणि तिथे पेस्टल हिशेबाने थोडे भडकच लावावे.

या रंगांचा खरा गुण मला या सगळ्यानंतर, दुकान लेआउटवर ठेवल्यावर कळला. शेजारी गाडी उभी केली आणि काहीतरी खटकू लागले. दोन दिवसांनी उलगडा झाला. मी ज्या छायाचित्रांवरून वेदरिंग केले होते ती आजच्या बोडीची होती, म्हणजे 140 वर्षांच्या लाकडाची. पण रेल्वे 1917 मध्ये बंद पडली. गाडी चालू आहे, तर साल फार तर 1910 धरावे लागेल, आणि 1910 मध्ये 1879-80 चे दुकान अवघे 30 वर्षांचे, कदाचित दुकानदार अजून गल्ल्यावर बसलेला. मी त्या दुकानाला शतकभर आधीच भग्न करून ठेवले होते! जुनेपणा दाखवण्याच्या भरात आपण सगळे ही चूक करतो. धावत्या गाडीच्या शेजारी पडझड झालेले गाव उभे करतो आणि दोन वेगवेगळी सालं एकाच फळीवर नांदवतो.

पॅनपेस्टल साध्या खोडरबराने निघतो. कागदावर तो पूर्ण निघतो असे म्हणतात ते खरे आहे. तारेच्या ब्रशने खरवडलेल्या बासवुडवर रेषांच्या खोबणीत थोडा राहतो, पण तो राहणेही ठीकच दिसते. मी दाराभोवतीची धूळ पुसली, दर्शनी फळ्यांवरचा सिएना निम्मा उतरवला, पत्र्याच्या ठिगळांपैकी काही काढूनच टाकली. खोडरबराचे टोक ब्लेडने तिरके कापून उंबऱ्यावर घासले, तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बुटांनी झिजलेला उजळ पट्टा आपोआप उमटला. हा परिणाम रंग लावून कधी साधला नसता. चुकीची दुरुस्ती इतक्या शांतपणे करू देणारे दुसरे वेदरिंगचे साहित्य माझ्या वापरात आलेले नाही. किमतीचा मुद्दा मी या एका गुणासाठी मागे घेतो. ज्यांना एखादेच मॉडेल करायचे आहे त्यांनी रॉ अंबर आणि करडा या दोनच डब्या घ्याव्यात, गंजासाठी गेरू गाळून वापरावा आणि शाई कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून आणावी. ज्यांना जास्त मॉडेले करायची आहेत त्यांनाही काळ्याची वेगळी डबी घेण्याची गरज नाही. उन्हात काळे असे काही दिसतच नाही, पेन्स ग्रे पुरतो.

शाईला मात्र माघार ठाऊक नाही. डावीकडची भिंत मी सुरुवातीला, बोडीचे लाकूड तपकिरी असते हे कळण्यापूर्वी, दाट मिश्रणात दोनदा बुडवली होती, आणि ती आजही पावसात भिजलेल्या गोठ्यासारखी करडी आहे. कितीही सिएना चढवला तरी आतला थंडपणा वर येतो. शेवटी त्या बाजूला लाकडाच्या वखारीचे कुंपण टेकवून चार चाकांची मालवाहू गाडी आडवी उभी केली आहे. पाहुण्यांना ती रचना आवडते.